ब्रासरीच्या ताटात डहाणू-तलासरी

मुंबईत गेल्या काही वर्षांत फ्रेंच धाटणीच्या हॉटेलांची मोठी चलती आहे. कुणी त्याला बिस्ट्रो म्हणते, कुणी कॅफे, आणि जागा जरा मोठी व झगझगीत असली की ब्रासरी. चामडी गाद्यांची बाकडी, पितळी कठडे, भिंतभर आरसे, काळे-पांढरे कपडे घातलेले वेटर आणि वाचताना जीभ अडखळावी अशी नावे छापलेले मेनूकार्ड. कुलाबा, वांद्रे, लोअर परळ या भागांत अशी हॉटेले निघतात आणि इंग्रजी दैनिकांच्या पुरवण्या त्यांच्या कौतुकाने भरतात. या कौतुकात आम्ही पडण्याचे तसे काही कारण नव्हते. तिथले बिल आम्हाला परवडणारे नाही आणि पुरवणीवाल्यांना आमचे मत नको आहे. पण आपल्या समाजातल्या, चांगल्या कंपनीत नोकरीला लागलेल्या एका तरुणाने आग्रह धरला, ‘काका, एकदा बघा तरी.’ आणि बघितल्यावर गप्प बसवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

हॉटेल होते लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. ज्या गिरणगावात विणाईखात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे, ते हे गिरणगाव. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. आज तिथे मागही नाहीत आणि धोटेही नाहीत. वीट तेवढी जुनी ठेवली आहे, शोभेसाठी.

आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर भले मोठे वारली चित्र. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, गोल फिरणारी माणसे. मेनूकार्डावर नाचणीचा ब्रेड, डहाणूच्या चिकूचा टार्ट, आणि बर्फावर मांडलेली कालवे. पाणी ओतायला आलेल्या मुलाला आम्ही सहज विचारले, ‘गाव कुठलं रे तुझं?’

‘तलासरीकडचा, काका. उधवा.’

‘मग हे चित्र तुमच्याकडचंच की.’

‘हो. आमच्यात लग्नात काढतात. हे कुणी काढलं ते नाय माहीत.’

‘आणि इथलं जेवण? खाल्लंस कधी?’

तो हसला. ‘स्टाफचं जेवण वेगळं असतं, काका. डाळभात.’

चार मुले नालासोपाऱ्याला एका खोलीत राहतात, सुटी असली की डहाणू लोकलने गावाकडे जातात, एवढे सांगून तो पुढच्या टेबलाकडे गेला. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ साली. त्या लोकलने चिकू, मासळी, भाजी आणि माणसे मुंबईत येतात. पहिल्या तिघांना ब्रासरीच्या टेबलावर जागा मिळते. चौथ्याला मिळते ती टेबलाच्या बाजूला, हातात जग घेऊन.

आता ही ब्रासरी म्हणजे काय ते आधी पाहू, कारण नावातच गंमत आहे. फ्रेंच भाषेत ब्रासरी म्हणजे बिअर गाळण्याची जागा, आपल्या साध्या शब्दांत दारूची भट्टी. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला, अल्सास प्रांत गेला आणि तिथले कितीतरी लोक परागंदा होऊन पॅरिसला आले. येताना बिअर गाळण्याची आणि आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराचे मांस शिजवण्याची आपली रीत घेऊन आले. त्यांच्या खानावळींनी पॅरिसात ब्रासरीला भरभराटीचे दिवस दाखवले. त्यांतली लिप नावाची १८८०च्या सुमाराची ब्रासरी आजही प्रसिद्ध आहे. म्हणजे मूळ गोष्ट कोणाची? घरदार गमावलेल्या निर्वासितांची.

आणि पदार्थ? ज्या कांद्याच्या सुपासाठी आमच्या यजमानाने रोजगार हमीच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे मोजले, ते पॅरिसच्या ले आल या मोठ्या बाजारातले हमाल पहाटे थंडीत अंगात ऊब यावी म्हणून पीत. कांदा, शिळा पाव, वरून चीज. तो बाजार १९६९ साली शहराबाहेर हलवला, सूप मात्र हॉटेलात राहिले. डुकराचे पाय हा ब्रासरीतला मानाचा पदार्थ. जनावराच्या रक्ताने भरलेले आतडे, ज्याला ते बुदँ न्वार म्हणतात, तोही मानाचा. पोटाच्या पिशवीचे तुकडे तासन् तास शिजवून केलेला रस्सा हे नॉर्मंडी प्रांताचे भूषण. गोगलगाय आणि बेडूक तर सगळ्या जगाला ठाऊक आहेत.

वाचकहो, या यादीकडे जरा नीट बघा. रक्ती, वजडी, पाया, मुंडी. ही आपल्या आज्यांच्या चुलीवरचीच यादी नव्हे काय? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातले हे सगळे पदार्थ कृतीसह नोंदवून ठेवले, तेव्हा कितीतरी शिकलेल्या लोकांना पहिल्यांदा कळले की महाराष्ट्राच्या पाककृतींच्या पुस्तकांत अर्धा महाराष्ट्रच नाही. फ्रान्समध्ये हमालाने खाल्ले ते सूप झाले, गरिबाने खाल्ले ते आतडे भूषण झाले. आपल्याकडे गरिबाने जे खाल्ले त्यावरून त्याची जात ठरवली आणि मग त्या जातीवरून त्याला गावाबाहेर बसवले. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नेमका हाच धागा पकडला. गोमांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी इतिहासात जाऊन तपासला. त्याआधी १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेउष्टे सोडायला सांगितले होते. ते पदार्थ वाईट म्हणून सांगितले असे कुणी समजू नये. ते उपकार म्हणून फेकलेले होते, त्यावर हक्क नव्हता, म्हणून सांगितले. हक्काने विकत घेतलेले आतडे आणि दारात टाकलेले आतडे यांत जो फरक आहे तो स्वाभिमानाचा आहे.

याच मेनूकार्डावर स्टेक होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आणली. तेव्हापासून कुरेशी समाजाचा धंदा बुडाला, चामड्यावर जगणाऱ्या आपल्या माणसांचे हाल झाले. ब्रासरीने मात्र म्हशीचे मांस घेतले, त्याला ‘टेंडरलॉइन’ असे गुळगुळीत नाव दिले आणि ताट सजवले. कायद्याने यात काही चूक नाही, म्हशीच्या मांसाला बंदी नाही. पण तेच मांस एखाद्या वस्तीतल्या डब्यात निघाले की गर्दी जमते आणि ब्रासरीत निघाले की सॉस कोणता हवा असे विचारतात.

डहाणू-तलासरीचा प्रश्न याहून खोल आहे, कारण तिथे एका जेवणापायी माणसाचे आयुष्य गहाण पडत असे. २०११च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यातली दहांतली नऊ माणसे आदिवासी आहेत, डहाणूत सुमारे दोन तृतीयांश. वारली, कोकणा, दुबळा, काथोडी. इंग्रजांच्या काळात यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. मग वारली पोराचे लग्न ठरले की मालकाकडून कर्ज काढायचे. कशासाठी? लग्नात गावाला भात घालायचा, ताडी पाजायची. त्या एका दिवसाच्या जेवणाच्या बदल्यात नवरा आणि त्याची नवी नवरी दोघेही मालकाकडे राबायला जात, आणि कर्ज कधी फिटत नसे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. सरकारने नेमलेले अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३९च्या अहवालात ही वेठ आणि हे लग्नगडी नोंदवले. सरकारने अहवाल वाचला आणि ठेवून दिला.

ती वेठ मोडली वारल्यांनीच. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे किसान सभेची परिषद झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. त्या वेळची मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला ठरावीक मजुरी मिळावी, एवढीच. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लाल बावट्याशी आपल्या चळवळीचे मतभेद होते आणि आहेत, जातीच्या प्रश्नावर त्यांनी फार उशिरा तोंड उघडले हेही खरे. पण लग्नगडी मोडण्याचे श्रेय त्यांना न देणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

आता पुन्हा त्या ‘भट्टी’कडे. अल्सासच्या निर्वासिताने बिअर गाळली, त्याची ब्रासरी झाली. वारल्याने मोहाची गाळली, तो गुन्हेगार झाला. १८७८च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला, १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. झाड जंगलात, फूल जमिनीवर पडलेले, आणि ते उचलून घरात ठेवणे गुन्हा! कशासाठी? सरकारी ठेक्याची दारू खपावी म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यानेही पोलिसाला पाड्यावर जायला नवे निमित्त दिले. मोहाची फुले गोळा करणे आणि साठवणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्राने उठवले ते २०२१ साली. आम्ही पंचशील मानणारे आहोत, पाचवे शील आम्हाला ठाऊक आहे, दारूची तरफदारी आम्ही करणार नाही. पण जिथे बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी आहे तिथे संस्कृती, आणि जिथे मडके आहे तिथे फौजदारी, हा कुठला न्याय? गोव्यात एका कंपनीने मोहाची दारू बाटलीत भरून शहरी बारमध्ये विकायला काढली, तिचेही इंग्रजी पुरवण्यांत कौतुक झाले.

बर्फावरच्या कालवांविषयीही लिहिलेच पाहिजे. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडतात, तेव्हा बायका वाकून कालवे फोडतात. हात कापतात, पाय कापतात. वाढवणचा खडकाळ किनारा म्हणजे त्यांचे शेतच. त्याच वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होत आहे. केंद्राने त्याला जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पालघरला भूमिपूजन झाले. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली नेमलेले प्राधिकरण न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली दोन दशकांहून अधिक काळ या तालुक्यावर लक्ष ठेवून होते, आणि त्याने १९९८ साली वाढवणचे बंदर नाकारले होते. धर्माधिकारी २०१९ साली गेले, आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने होकार दिला. मच्छीमार कोर्टात आणि रस्त्यावर लढत आहेत. समुद्रात भराव पडल्यावर ब्रासरीला कालवे दुसरीकडून मिळतील. विमानाने येतील. ओहोटीची वाट पाहणाऱ्या बाईला विमानाने काय येणार?

चिकूचे तसेच. हे मूळ मध्य अमेरिकेतले फळ, घोलवड-डहाणूला ते गेल्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि तिथल्या इराणी, पारशी व इतर बागाईतदारांच्या वाड्यांत रुजले. आज ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन आहे, २०२१ साली तो इंग्लंडलाही रवाना झाला. बागाईतदारांनी मेहनत केली हे मान्य. पण उंच झाडावरून लांब बांबूला जाळी लावून फळ उतरवणारे हात आणि ते धुऊन, प्रतवारी लावून पेट्या भरणारे हात कोणाचे? मानांकनाच्या कागदावर मातीचे नाव आहे, हवेचे आहे, फळाच्या गोडीचे आहे. मजुराचे नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आमच्या दोघांचे बिल पाच हजारांच्या घरात गेले. हिशेब वाचकांनीच करावा, आम्हाला त्या रात्री तो करवला नाही.

आणि भिंतीवरचे चित्र. वारली घरात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठाने. म्हणजे तोही अन्नातूनच निघतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात कागद घेऊन गेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाशिवायही चित्रे काढायला सुरुवात केली. योगायोग असा की परदेशातले त्यांचे पहिले प्रदर्शन फ्रान्समध्येच झाले, १९७६ साली माँताँ शहरात. पुढे १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनातही त्यांची चित्रे होती, आणि तिथे चित्राखाली त्यांचे नाव होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पॅरिसने नाव लिहिले. लोअर परळच्या फ्रेंच हॉटेलात नाव नाही. वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन आहे, पण गोल डोके आणि दोन त्रिकोण कुणीही काढतो, कपबशीवर, पडद्यावर, विमानतळावर. विचारले तर म्हणतात, ही तर लोककला! लोकांची कला म्हटले की ती फुकट असते असा या देशात समज आहे.

फ्रान्सचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पॅरिसच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आज आफ्रिकेतून आणि श्रीलंकेतून आलेली माणसे राबतात. कागदपत्रे नसलेल्या अशा कामगारांनी २००८ साली तिथे संप केले तेव्हा गिऱ्हाइकांना पहिल्यांदा कळले की आपले ताट कोण भरते. बाबासाहेबांनीही ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. म्हणून मोजायचेच असेल तर ब्रासरी आम्ही पॅरिसच्या मापाने मोजत नाही, आमच्या मापाने मोजतो.

आमचे माप राज्यघटनेच्या १५व्या कलमात आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही. हे कलम लिहिणाऱ्याला १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून अकरा दिवस काढले आणि मग लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले. बडोद्याला ते गेले आणि तिथून परत आले ती रेल्वे डहाणू रोड स्टेशनावरूनच जाते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कुणी विचारले, ‘दुकान’ या शब्दात काय काय येते? बाबासाहेबांनी तो शब्द मोठ्या अर्थाने घ्यायला सांगितला, मोबदला घेऊन जो कोणी सेवा द्यायला तयार आहे तो सगळा त्यात येतो. न्हावी, धोबी, सगळे. त्या कलमामुळे दाराशी जात विचारायची सोय राहिली नाही. आज दारावर पाटी असते, ‘प्रवेशाचा हक्क राखीव’. (‘राखीव’ या शब्दावर तिथे कुणी मोर्चा काढत नाही.) जात न विचारता माणूस बाहेर ठेवायचा उपाय आता मेनूकार्डाच्या उजव्या बाजूला, आकड्यांत लिहिलेला असतो.

यावर काही जण म्हणतील, तुमचा मुलगा गेलाच की आत! गेला, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. राखीव जागेमुळे शिकला, कष्टाने नोकरी मिळवली, आपल्या पैशाने जेवला. त्याने तिथे जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. एकत्र जेवल्याने जात मोडत नाही असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये लिहून ठेवले आहे. पण शेजारच्या टेबलावर बसण्याचा हक्क त्यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. प्रश्न उधव्याच्या मुलाचा आहे. त्याची नाचणी आत गेली, त्याचे चित्र आत गेले, त्याच्या किनाऱ्याची कालवे आत गेली. तो जग घेऊन उभा आहे.

त्याच्या तालुक्यातल्या ताटाविषयी थोडे सांगतो. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, पण त्याची मुळे बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी अंगणात भरवलेल्या बालवाड्यांत आहेत. त्याच अंगणवाडीत २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस जेवण मिळते. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, वर अंडे किंवा केळे. योजना चांगली आहे, आम्ही तिचे स्वागतच केले होते. पण या ताटासाठी सरकारने धरलेला खर्च अनेक वर्षे चाळीस रुपयांच्या आतच होता. तेवढ्यात तेल, गॅस, डाळ, अंडे सगळे बसवायचे. ब्रासरीतल्या पाण्याच्या बाटलीला आम्ही याहून जास्त दिले.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. अमृत आहाराच्या ताटाचा दर बाजारभावाशी बांधा आणि दर वर्षी वाढवा. वारली चित्र धंद्याच्या जागी लावणाऱ्याने चित्रकाराचे नाव आणि गाव चित्राखाली लिहिणे सक्तीचे करा, आणि मोबदल्याची पावती मागितली की दाखवता आली पाहिजे. चिकूच्या मानांकनाचा फायदा वाडीतल्या मजुरीच्या दरात उतरतो की नाही हे कामगार खात्याने तपासावे.

आणि आपल्या तरुणांना एक काम सांगतो. अशा हॉटेलात जाल तेव्हा मॅनेजरला दोन गोष्टी विचारा. भिंतीवरचे चित्र कुणी काढले? आणि आज स्टाफला जेवायला काय आहे? जे उत्तर मिळेल ते पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. उत्तर देणाऱ्याचे नाव आम्ही छापणार नाही, हॉटेल कोणत्या भागातले तेवढे मात्र जरूर कळवा.